माठातले पाणी आणि अंगावरचा घाम

विदर्भातल्या घरात मे महिन्याच्या भर दुपारी माठातले पाणी दात शिवशिवावेत इतके गार लागते. तोच माठ मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या घरात आणून ठेवला, तर त्यातले पाणी जेमतेम गार होते. माठ तोच आणि माती तीच; फरक हवेतल्या ओलाव्याचा असतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची बाहेरच्या अंगाला वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते. हवा कोरडी असेल तर हे काम झपाट्याने चालते, आणि ती आधीच वाफेने भरलेली असेल तर मंदावते. उन्हात राबणाऱ्या माणसाचे शरीरही स्वतःला याच रीतीने सांभाळते. म्हणून जागतिक तापमानवाढ माणसाच्या प्रकृतीला नेमकी कुठे गाठते हे समजून घ्यायचे, तर सुरुवात माठापासून केलेली बरी.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार होत असते. घमेली वाहणाऱ्या किंवा कुदळ चालवणाऱ्या माणसाच्या शरीरात ती चार-पाच पट होते. ही उष्णता बाहेर टाकून आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर पडते, पण हवेचा पारा ३५ च्या वर गेला की उलट हवाच शरीराला तापवू लागते आणि मग घामाखेरीज दुसरा उपाय उरत नाही. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. बसलेल्या माणसाला ती साडेसहा-सात तास पुरते आणि कष्टाचे काम करणाऱ्याला जेमतेम दीड तास. मात्र घामाची वाफच झाली पाहिजे. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, गारवा मात्र देत नाही.

पृथ्वीचाही असाच उष्णतेचा जमाखर्च आहे, फक्त तिला घाम येत नाही. सूर्याकडून आलेली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत पाठवणे हा तिच्याकडचा एकच मार्ग. हवेचा सुमारे ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र ते शोषून घेतात आणि त्यांतली काही उष्णता पुन्हा जमिनीकडे पाठवतात. हे हरितगृह वायू मुळीच नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते. ते असल्यामुळे ते सुमारे १५ अंश आहे. पृथ्वीच्या अंगावर या वायूंची गोधडी हवीच, पण ती दर वर्षी जाड होत गेली तर काय होईल, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकी महिलेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वाधिक तापते, हे दाखवले. हवेत हा वायू अधिक असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असे अनुमानही तिने काढले. पुढच्या काही वर्षांत जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णता कशी शोषतात याची काटेकोर मोजमापे केली, आणि १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित कागदावर मांडले. प्रत्यक्ष हवेत त्याचे प्रमाण किती, याची सलग नोंद चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर सुरू केली. त्या वेळी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता; २०२४ मध्ये तो सुमारे ४२४ होता. उद्योगयुगापूर्वी हा आकडा २८० च्या आसपास होता आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून दिसते की गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या फारसा वर गेलेला नव्हता.

ही वाढ ज्वालामुखींमुळे आणि तापमानवाढ सूर्यामुळे झाली असेल, अशी शंका अनेकदा ऐकू येते. ती विचारण्यात काही गैर नाही, कारण तिचे उत्तर सुंदर आहे. कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, कार्बन-१४, दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली असलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो उरलेलाच नसतो. हे इंधन जळू लागल्यावर हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चा वाटा घटत गेला, आणि ही घट विसाव्या शतकात मोजली गेली. ज्वालामुखींच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, पण ते माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. सूर्याचे म्हणाल, तर तो अधिक तापला असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थर थंड होतो आहे. गोधडी जाड झाली की नेमके असेच घडते.

कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने येतो. जंगलतोड आणि सिमेंटनिर्मिती त्यात भर घालतात. मिथेन भातखाचरांतून, गुरांच्या पोटातून, कचऱ्याच्या डोंगरांतून आणि खाणी व वायूवाहिन्यांच्या गळतीतून येतो, तर नायट्रस ऑक्साइड मुख्यतः नत्रखतांतून. मिथेन अधिक तीव्र, पण बारा-एक वर्षांत विरणारा. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र शतकानुशतके हवेत राहतो. म्हणून आजवर कोणी किती जाळले हा हिशेब महत्त्वाचा ठरतो, आणि त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे पाव आहे, तर भारताचा लोकसंख्येच्या मानाने फारच थोडा. चंद्रपूर हे गाव या संदर्भात मला नेहमी आठवते. तिथे कोळशाच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि उन्हाळ्यात तिथला पारा देशातल्या सर्वात वरच्या आकड्यांत असतो. तिथला वायू तिथेच साठून चंद्रपूर तापते असे मात्र नाही. हा वायू महिन्याभरात दूरवर पसरतो आणि वर्षभरात साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. चंद्रपूरच्या आकाशात टेक्सासचा आणि शांघायचाही कार्बन असतो.

१८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०२४ हे संपूर्ण वर्ष जागतिक सरासरीने दीड अंशाहून अधिक उष्ण होते. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण तापमान एक अंशाने वाढले की हवेची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आपल्या शेजारचा हिंदी महासागरही वेगाने तापतो आहे. याचा अर्थ, समुद्राजवळच्या प्रदेशात केवळ पारा चढत नाही, हवेतला दमटपणाही वाढू शकतो. थोडक्यात, माठ काम करीनासा होतो.

हे मोजण्याची सोपी युक्ती आहे. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावरून हवा वाहू दिली की जे तापमान दिसते त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती गारवा मिळू शकेल, ते हा आकडा सांगतो. चंद्रपुरात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा सुमारे २४ येतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो सुमारे २९ येतो. अकरा अंशांनी ‘थंड’ असलेली मुंबई घामाच्या दृष्टीने अधिक अवघड ठरते ती अशी. हा आकडा ३५ ला पोहोचला तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पीत बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तगणार नाही, असे गणित २०१० साली मांडले गेले. त्यानंतर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात निरोगी तरुणांवर काळजीपूर्वक प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ओल्या फुग्याचे तापमान ३०-३१ अंश असतानाच त्यांच्या शरीराचे आतले तापमान आवरेनासे झाले. कोरड्या, अतितप्त हवेत तर ही मर्यादा २५ ते २८ इतकी खाली आली, कारण तिथे घाम वाळतो झपाट्याने, पण शरीर तितक्या वेगाने तो तयार करू शकत नाही. विदर्भातल्या लोकांनी निश्चिंत राहावे असा याचा अर्थ मुळीच नाही. नवतप्यातले, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांतले, ऊन वेगळ्या वाटेने मारते, इतकेच.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या भव्य समारंभाला आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. अकोल्याच्या किंवा जळगावच्या माणसाला हा आकडा साधा वाटेल. पण उघड्या मैदानावरचे ऊन, खाडीलगतची दमट हवा आणि तासन्‌तास एका जागी बसून राहणे यांची बेरीज त्या आकड्यात दिसत नाही.

अशा वेळी शरीरात काय घडते? उष्णता त्वचेपर्यंत नेण्यासाठी हृदय मोठ्या प्रमाणात रक्त त्वचेकडे वळवते आणि त्यासाठी वेगाने धडधडू लागते. ज्यांचे हृदय आधीच दुबळे असते त्यांचा घात इथेच होतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर मग ‘हृदयविकार’ असेच लिहिले जाते. त्वचेकडे वळलेले रक्त आतड्यांना कमी पडते, आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि जिवाणूंची विषे रक्तात उतरतात. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, गोंधळला किंवा बेशुद्ध पडला, की तो उष्माघात. पुढे रक्त गोठण्याची यंत्रणा, यकृत आणि मूत्रपिंडे एकामागून एक कोलमडू शकतात. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी इथे उपयोगी पडत नाही, कारण तापात मेंदूने स्वतःच तापमान वाढवलेले असते, तर उष्माघातात मेंदूचे ऐकण्याची शरीराची ताकदच संपलेली असते. माणसाला सावलीत नेऊन कपडे सैल करणे, अंगावर गार पाणी ओतून जोराने वारा घालणे, त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावणे आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी न ओतणे, हे जीव वाचवणारे उपाय आहेत. खिशातला कांदा काही करीत नाही. मीठ घातलेले ताक आणि पन्हे मात्र खरोखर कामाला येतात, कारण ती घामाबरोबर गेलेले पाणी आणि मीठ भरून काढतात.

मूत्रपिंडांची कहाणी वेगळी सांगावी लागेल. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वातल्या ऊसतोडणी कामगारांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. कारणांवर अजून चर्चा आहे, पण दिवसेंदिवस उन्हात राबणे आणि शरीरातले पाणी आटणे हे त्यातले मोठे कारण मानले जाते. पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती दिल्यावर मूत्रपिंडांना होणारी इजा घटल्याचे तिथे दिसले. आपल्याकडे तोडणी थंडीत सुरू होते म्हणून धोका कमी वाटतो, पण २०२१-२२ चा विक्रमी हंगाम मराठवाड्यात मे उलटला तरी चालू होता. बांधकामावरच्या आणि शेतातल्या स्त्रियांची अडचण त्याहून मोठी आहे. आडोसा किंवा शौचालय नसल्यामुळे त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हवामानाच्या चर्चेत शौचालयाचा उल्लेख क्वचित येतो. तो यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

उष्णतेचे आडवळणाने होणारे परिणामही आहेत. ठरावीक मर्यादेपर्यंत ऊब वाढली की एडिस डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू लवकर परिपक्व होतो. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुणे शहराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २७ अंशांहून अधिक तापमान, मध्यम पण नियमित पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता यांचा डेंग्यूशी संबंध आढळला. अतिवृष्टीनंतर लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा आजार येतो, हे मुंबईने २६ जुलै २००५ नंतर अनुभवले आहे. आणि वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पिकवलेल्या गहू-तांदळात जस्त व लोह कमी भरते, हे शेतातल्या प्रयोगांतून दिसले आहे.

हे मृत्यू मोजायचे कसे, याचा धडा अहमदाबादने दिला. मे २०१० मध्ये तिथला पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातल्या सर्व मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना केली, तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. त्यातूनच २०१३ चा उष्णता कृती आराखडा उभा राहिला. त्यात आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया आणि आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण यांचा समावेश होता. पुढे घरांच्या छतांना पांढरा चुना देणेही सुरू झाले. यातले काहीच महाग नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांनीही असे आराखडे केले आहेत, पण ते बहुतांशी दुपारकडे पाहतात. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्र लागते, आणि हरितगृह वायू व काँक्रीट मिळून रात्रीचाच गारवा कमी करीत आहेत. उष्णतेच्या लाटेचा इशारा ज्या आकड्यावर ठरतो तो वेधशाळेच्या आवारात, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. पत्र्याच्या छताखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सुरक्षिततेसाठी रात्री खिडकीही लावून घ्यावी लागते, तिथे पहाटे दोन वाजता किती तापमान आणि किती ओलावा असतो, याची नोंद शहरातल्या शे-दोनशे खोल्यांत ठेवणे आज काही हजार रुपयांच्या उपकरणांनी सहज शक्य आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी एखाद्या महापालिकेने ती सुरू केली, तर आरोग्यसेविकांना कोणाच्या दारावर आधी थाप मारायची हे कळेल.