पार्श्वभूमी : शरीरातली अफू आणि शुक्रजंतू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यात मूल होत नाही म्हटलं की आधी सुनेला दवाखान्यात नेतात. नवऱ्याचं वीर्य तपासायची वेळ येते तेव्हा बराच काळ निघून गेलेला असतो. मग रिपोर्टवरच्या संख्येवर, हालचालीवर बोलणं होतं आणि तंबाखू सोडा असं सांगितलं जातं. निपाणीत हे सांगणं किती जड जातं, ते निपाणीकरांनाच विचारावं. शरीर स्वतःच तयार करतं त्या अफूसारख्या द्रव्यांचा विषय या सगळ्यात निघत नाही.

मेंदूत अफू जिथे जाऊन चिकटते ते ग्राहक 1973 मध्ये सापडले. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे शरीरातलंच अफूसारखं द्रव्य वेगळं केलं गेलं, पाठोपाठ एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन आली. मग असं दिसलं की हे ग्राहक अडवणारं नॅलॉक्सोन दिलं की पुरुषाच्या रक्तातलं एलएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, वाढतं. म्हणजे ही द्रव्यं मेंदूतून वृषणाकडे जाणारा हुकूम दाबून धरत होती. हुकूम दबला की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटतं. पुढची बरीच वर्षं संशोधकांचं लक्ष याच ब्रेकवर राहिलं आणि माझ्या मते इथेच विषयाला एकांगी वळण लागलं.

कारण ऐंशीच्या दशकातच उंदराच्या वृषणात एन्केफॅलिनची पूर्वज-प्रथिनं तयार करणारा जनुक काम करताना आढळला होता. हे द्रव्य मेंदूतून खाली येत नव्हतं, जागेवरच बनत होतं. मग ते तिथे कशासाठी? इथून जो गुंता सुरू झाला तो आजही पुरता सुटलेला नाही. 1994 मध्ये वृषणात हा जनुक मुद्दाम जास्त चालवलेल्या उंदरांची प्रजननक्षमता घटल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘कमी तेच बरं’ म्हणणाऱ्यांना बळ मिळालं. तीनच वर्षांनी, 1997 मध्ये, म्यू नावाचा ग्राहकच काढून टाकलेले नर उंदीर तपासले गेले. त्यांचे शुक्रजंतू कमी, हालचाल मंद आणि पिल्लंही थोडी. म्हणजे जास्त झालं तरी नुकसान, ग्राहक नसला तरी नुकसान.

2006 मध्ये स्पेनच्या बास्क भागातल्या प्रयोगशाळेने माणसाच्या शुक्रजंतूवर म्यू, डेल्टा आणि कॅपा हे तिन्ही ग्राहक दाखवले. मॉर्फिनने हालचाल मंदावली आणि नॅलॉक्सोनने तो परिणाम अडवला, इथवर ठीक. पण डेल्टा ग्राहक अडवला तेव्हाही हालचाल मंदावली! म्हणजे एक ग्राहक ब्रेक दाबतो आणि दुसऱ्याला हात लावला तरी गाडी अडते. अशा वेळी नॅल्ट्रेक्सोनसारखी अडवणारी औषधं वंध्यत्वावर सर्रास द्यावीत असं म्हणणाऱ्यांची घाई मला पटत नाही. ‘पळा, हसा, एंडॉर्फिन वाढवा, मूल होईल’ असा पुरवण्यांतला सल्लाही त्याच घाईतला. व्यायाम चांगलाच, पण त्याचं कारण हे नव्हे.

आपल्याकडे विषय जवळचा वाटावा तो बाहेरून घेतलेल्या ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या औषधांमुळे. अंगदुखीवर महिनोन्महिने जोरकस गोळ्या चालू ठेवणारे हमाल, ड्रायव्हर, तालमीतली पोरं कुणाच्या पाहण्यात नाहीत? ट्रॅमाडॉल ही अशीच वेदनाशामक गोळी 2018 मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आली. त्यावेळी चर्चा व्यसनाची झाली, वीर्याची नाही. दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटतं, हे मात्र बऱ्याच काळापासून माहीत आहे.

अशी गोळी एकदम बंद केली तर अंग मोडून येतं, घाम फुटतो, झोप उडते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात, त्यामुळे गोळी सुटल्यावर पुढच्याच महिन्यात पुन्हा वीर्य तपासून रिपोर्टला नावं ठेवण्यात अर्थ नसतो.