डबल-हंग खिडकी

एकाच चौकटीत मागेपुढे बसवलेल्या, वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांची खिडकी. वरची झडप बाहेरच्या खाचेत चालते, खालची आतल्या. बंद असताना वरच्या झडपेची तळपट्टी आणि खालच्या झडपेची माथापट्टी मध्यावर भिडतात. कडीही तिथेच असते. फक्त खालचीच झडप सरकत असेल तर ती सिंगल-हंग. हा प्रकार १७व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रूढ झाला आणि पुढे उत्तर अमेरिकेत घरोघरी पोचला. दोन्ही झडपा थोड्या थोड्या उघडल्या की गरम हवा वरून निघून जाते आणि गार हवा खालून आत येते.

झडप सोडाल तिथे थांबते ती तोलामुळे. जुन्या लाकडी खिडकीत दोन्ही बाजूंच्या दोऱ्या कप्पीवरून चौकटीतल्या पोकळीत उतरतात आणि त्यांना बिडाची वजने टांगलेली असतात. वरची झडप वरच टेकून राहावी म्हणून तिची वजने झडपेपेक्षा किंचित जड असतात, खालचीची किंचित हलकी. १२ किलोच्या झडपेला वर प्रत्येक बाजूला साधारण सव्वासहा किलो, खाली पावणेसहा. काच बदलून जाड बसवली की हा हिशेब बिघडतो आणि झडप खाली घसरते. दोष मात्र दोरीला दिला जातो.

दोरी तुटल्यास आधी खालच्या झडपेला खाचेत धरून ठेवणारी आतली पट्टी काढावी. रंगाचा सांधा सुरीने कापून घेतला नाही तर पट्टीचे तुकडे होतात. खालची झडप बाहेर घेऊन चौकटीच्या बाजूचे छोटे झाकण उघडावे, वजन काढावे. बारीक सुतळीला खिळा बांधून तो कप्पीवरून आत सोडला की सुतळीमागून नवी दोरी ओढून घेता येते. विणलेली सुती दोरी चांगली. नायलॉनची ताणली जाते. झडप पूर्ण वर असताना वजन पोकळीच्या तळापासून सुमारे ५ सेंटिमीटर वर लटकले पाहिजे. एक दोरी तुटली असेल तर दुसरीही बदलावी, कारण तिचेही वय तेवढेच. वरच्या झडपेसाठी दोन खाचांमधली पट्टीही काढावी लागते. ती बहुधा मोडतेच, नवी तयार ठेवावी.

नव्या पीव्हीसी खिडक्यांत वजनांऐवजी स्प्रिंग असते आणि धुण्यासाठी झडप आत कलते. ती ८–१० सेंटिमीटर उचलून माथ्यावरचे दोन्ही खटके आत ओढावेत. झडप पूर्ण आडवी झाल्यावरच तिच्या तळाची खुंटी चौकटीत सरकणारा स्प्रिंगचा ठोकळा जागी अडकवते. त्याआधी उपटली तर ठोकळा झटक्याने वर उडतो आणि बोटे सापडतात. परत बसवताना दोन्ही ठोकळे एका उंचीवर नसतील तर झडप तिरकी होऊन अडकते.

झडप न हलण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे रंग. कप्पी, दोरी आणि खाचांना रंग लावू नये. खाचेत तेल नको, त्यावर धूळ चिकटते. लाकडाला मेण, पीव्हीसीला कोरडा सिलिकॉन फवारा. कडी जुळत नसेल तर ती सैल करण्याआधी वरची झडप खाली उतरली आहे का ते पाहावे. तळाची पाणी निघण्याची भोके वर्षातून दोनदा मोकळी करावीत. दुहेरी काचेच्या आत धुके साचले तर पुसून उपयोग नाही, कडेचे सील गेलेले असते. दुहेरी काचेचा तो संच बदलावा लागतो.

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या खिडक्यांत झडपा घासून शिशाची धूळ पडू शकते, म्हणून तिथे कोरडे घासकाम टाळून रंग ओला करूनच काढावा.