एसी, बंद खोली आणि साथीचा खोकला

सर्दी-तापाची साथ सुरू झाली की ग्राहकांचा एक प्रश्न हमखास येतो: "सर्व्हिसिंग करून घेतलं की फ्लूची काळजी नाही ना?" तसं नाही. जाळी धुतली की धूळ निघते, गारवा नीट लागतो, वीजही कमी जळते. पण इन्फ्लुएन्झा (म्हणजेच फ्लू), आरएसव्ही (लहान बाळांना जास्त त्रास देणारा श्वसनाचा आजार), कोरोना यांचे विषाणू ज्या अतिसूक्ष्म तुषारांवर स्वार होऊन हवेत तरंगतात, ते या जाळीतून सहज पलीकडे जातात.

त्याहून मोठा गैरसमज म्हणजे बाहेरच्या युनिटमधून ताजी हवा घरात येते हा. स्प्लिट एसीत भिंतीपलीकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो आणि ड्रेनच्या पाइपातून पाणी बाहेर पडतं. हवा खोलीतलीच. तीच ओढायची, गार करायची, परत सोडायची. दार-खिडक्या लावून चौघे झोपले आणि त्यातल्या एकाला फ्लू असला, तर त्याच्या श्वासातले तुषार रात्रभर त्याच हवेत साचत राहतात. आणि फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकतो, म्हणून कोणी खोकायला लागण्याची वाट पाहू नका.

साथीच्या दिवसांत एसी चालू असतानाही एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा. हो, बिल थोडं वाढेल. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडता आल्या तर उत्तमच. आजारी माणसाच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन असेल तर तो लावा, पण नवी हवा आत यायला दाराखाली किंवा खिडकीत फट हवी. सगळं घट्ट बंद असेल तर पंखा नुसता गरगरतो. खिडकीच नसेल तर खऱ्या हेपा फिल्टरचा प्युरिफायर उपयोगी पडतो. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, मात्र यंत्र खोलीच्या आकाराला पुरेसं हवं. ओझोन सोडून "हवा निर्जंतुक" करणारी यंत्रं घेऊ नका. ओझोन फुप्फुसांना घातक आहे. आम्ही ती विकत नाही आणि बसवूनही देत नाही.

बाकीचं बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. हात साबणाने २० सेकंद धुवा. गर्दीत किंवा रुग्णाजवळ एन-९५ मास्क लावा. दाढी असेल तर तो कडेने नीट बसत नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही, म्हणून त्याच्या आसपासच्या मोठ्यांनी ती घेणं जास्त गरजेचं. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तापाचं औषध न घेता २४ तास ताप आला नाही आणि तब्येतही सुधारत असेल, तरच बाहेर पडा. धाप लागणं, ओठ निळे पडणं, छातीत दुखणं, भान हरपणं, बाळाने दूध पिणं सोडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

घरात कोणी आजारी असेल तर सर्व्हिसिंगची वेळ ठरवतानाच सांगा. तारीख पुढे ढकलू, त्याचे जादा पैसे नाहीत. आमच्या मेकॅनिकला खोकला-ताप असेल तर तोही येणार नाही. त्या दिवशी दुसरा माणूस मिळाला नाही, तर तुम्हाला तसं आधीच फोन करून कळवू.