बाप राजाकडे, पोरगा पार्लमेंटकडे: व्हर्नी घराण्याची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या यादवी युद्धावर बोलताना सर राल्फ व्हर्नीचं नाव येतं, पण त्याचा लोचा समजायचा तर आधी त्याचे वडील बघायला हवेत. बकिंगहॅमशायरमधल्या क्लेडनचे हे जमीनदार. वडील सर एडमंड, चार्ल्स राजाच्या दरबारातले. 1640 च्या लाँग पार्लमेंटमध्ये (म्हणजे तेव्हा भरलेली, पुढे बरीच वर्षं चाललेली संसद) बापलेक दोघंही खासदार होते, राल्फ एल्सबरीचा, आणि हा पठ्ठ्या सभागृहात बसल्या बसल्या घडी घातलेल्या कागदांवर पेन्सिलने नोट्स काढायचा. 4 जानेवारी 1642 ला राजा स्वतः पाच खासदारांना पकडायला सभागृहात घुसला, तोही प्रसंग त्यात आहे.

त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंटमध्ये युद्ध पेटलं. एडमंडला राजाची बाजू पटलेली नव्हती बरं का, पण जवळपास तीस वर्षं ज्याचं अन्न खाल्लं त्याला आता सोडणं नीचपणा होईल असं तो म्हणाला. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात तेच. 23 ऑक्टोबरला एजहिलच्या लढाईत राजाचं निशाण हातात असताना तो पडला आणि त्याचं प्रेत कधी सापडलंच नाही.

राल्फ मात्र पार्लमेंटच्या बाजूने राहिला. पण 1643 मध्ये स्कॉटलंडशी झालेल्या धार्मिक कराराची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा मनाला पटेना म्हणून सही न करता बायकोपोरांना घेऊन फ्रान्सला, ब्ल्वा नावाच्या शहरात निघून गेला. म्हणजे बघा, राजाविरुद्ध गेला म्हणून धाकटा भाऊ चिडलेला, आणि इकडे गैरहजर म्हणून 1645 ला खासदारकी गेली, वर इस्टेट जप्त. ना घर का ना घाट का.

इस्टेट सोडवली ती बायकोने, मेरीने, जिचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं. 1646 च्या शेवटी ती गरोदर असताना एकटी लंडनला आली, पार्लमेंटच्या कमिट्यांचे उंबरे झिजवले, तिथेच बाळंत झाली, ते बाळ गेलं, त्याच सुमारास फ्रान्समध्ये मुलगीही गेली, तरी 1648 च्या सुरुवातीला जप्ती उठवूनच ती परतली. मला विचाराल तर या घराण्यातली खरी खमकी हीच. 1650 ला ती वारली, राल्फ नंतर 46 वर्षं जगला पण दुसरं लग्न केलं नाही.

हे सगळं इतकं बारीक कळतं कारण राल्फ कागद फेकायचाच नाही! क्लेडनला घराण्याची तीस हजारांवर पत्रं निघाली, आणि त्यावरून घराण्याचा इतिहास लिहायला घेतला तो फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या बहिणीने, पार्थेनोपीने, जी 1858 ला याच घरात सून म्हणून आली होती.