डेली वेअर आणि डेली डिस्पोजेबल: 'डेली' एकच, हिशेब दोन

"आत्या, या वेळी मी मंथली कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्यात. आता रोज रात्री काढायची कटकट नाही," भाची फोनवर म्हणाली आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तिला बॉक्स आणायला लावला, त्यावरचं बारीक अक्षरातलं वाचायला लावलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "यावर तर 'डेली वेअर' लिहिलंय. चुकून डेली दिल्या की काय मला?"

कुणाचंच काही चुकलं नव्हतं. लेन्स मंथलीच होती आणि ती डेली वेअरही होती. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे दुकानात सहसा कोणी बसून समजावत नाही.

'वेअर' हा शब्द लेन्स डोळ्यात सलग किती वेळ ठेवायची ते सांगतो. डेली वेअर म्हणजे सकाळी घालायची, झोपायच्या आधी काढायची. एक्स्टेंडेड वेअर म्हणजे ठरावीक रात्री ती घालून झोपायलाही परवानगी आहे. डेली डिस्पोजेबल, दोन आठवड्यांची, मंथली हे शब्द मात्र वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतात: ती टाकून कधी द्यायची? भाचीची लेन्स रोज रात्री काढायची, चोळून धुवायची, सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्सच्या जंतुनाशक द्रवात, ठेवायची आणि महिना झाला की टाकायची अशी होती. डेली डिस्पोजेबल रात्री काढली की थेट कचऱ्यात जाते. रात्री काढणं दोन्हीकडे आहेच. काढल्यानंतर काय करायचं तेवढंच बदलतं.

हा घोळ झाला कसा, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलाच्या खेळण्यातले लोखंडी सुटे भाग जोडून एक फिरतं यंत्र बनवलं आणि त्यावर पहिल्या चांगल्या मऊ लेन्स ओतल्या. मऊ लेन्सना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९७१ साली. तेव्हा लेन्स महाग वस्तू होती. एक जोडी वर्षभर, कधी त्याहून जास्त जपून वापरायची, म्हणून शेवटची तारीख हा विषयच नव्हता. प्रश्न होता तो झोपेचा. १९८१ मध्ये काही लेन्सना सलग ३० दिवस डोळ्यात ठेवायची मान्यता मिळाली. डोळ्यांत जखमा होऊ लागल्याचं दिसल्यावर १९८९ मध्ये ती मर्यादा ७ दिवसांवर आणली गेली. वापरा-आणि-टाका लेन्स १९८० च्या दशकाच्या शेवटी आल्या आणि रोज नवी घालायची लेन्स १९९० च्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे 'वेअर'चे शब्द आधीपासून रुळले होते, 'डिस्पोजेबल'चे नंतर येऊन त्यांच्या शेजारी बसले. दोघांच्या वाट्याला 'डेली' आला आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ उडाला.

आता झोपेचं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. दिवसा त्याला प्राणवायू मिळतो तो हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. डोळे मिटले की हवा बंद. मग पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून जे झिरपेल त्यावर भागवायचं, आणि हा पुरवठा उघड्या डोळ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. त्यात लेन्स आडवी आली की तेवढंही पोचत नाही. जुन्या हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या, लेन्समध्ये प्राणवायू पाण्यातून जात असे आणि मूळच्या प्रकारात पाण्याचं प्रमाण साधारण ३८ टक्के होतं. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल आलं. सिलिकॉनमधून प्राणवायू पाण्यापेक्षा खूप सहज जातो. या प्रकारच्या काही लेन्सना २००१ मध्ये पुन्हा ३० रात्रींची मान्यता मिळाली.

मग प्रश्न सुटला का? नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २००८ साली प्रसिद्ध झाले. कॉर्नियाला जंतुसंसर्ग होण्याचं वर्षाचं प्रमाण दर दहा हजार वापरणाऱ्यांमागे असं निघालं: रात्री काढून ठेवायच्या साध्या मऊ लेन्समध्ये १.९, डेली डिस्पोजेबलमध्ये २.०, आणि सिलिकॉन हायड्रोजेल घालून झोपणाऱ्यांमध्ये २५.४. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा तपासले. रोज नवी लेन्स घातली म्हणून संसर्गाचं प्रमाण खाली आलं नव्हतं. मात्र झालेला संसर्ग दृष्टीवर बेतण्याइतका गंभीर होण्याचं प्रमाण डेली डिस्पोजेबलवाल्यांत कमी दिसलं. झोपेचा फरक मात्र दहापटीहून जास्त. प्राणवायू भरपूर मिळाला तरी मिटलेल्या डोळ्यात पापणीची उघडझाप नसते, लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, आणि अडकलेले जंतू तिथेच राहतात.

म्हणून मी भाचीला सांगितलं, मंथली की डेली हे नंतर बघू, आधी आज रात्री लेन्स काढ. दुपारची डुलकीही झोपच.

आता टाकून देण्याच्या वेळापत्रकाकडे. इथे खरी तुलना सुरू होते आणि इथे माझं मत जरा एकतर्फी आहे.

डेली डिस्पोजेबलची गंमत सकाळी कळते. ब्लिस्टरचं, म्हणजे एकेक लेन्स ज्यात येते त्या प्लास्टिकच्या छोट्या वाटीचं, चकचकीत झाकण ओढायचं, बोटाच्या टोकावर लेन्स घ्यायची, उजेडाकडे धरून कड बघायची. कड वाटीसारखी सरळ वर गेली तर ठीक. बशीसारखी बाहेर पसरली तर ती उलटी झालीय. डोळ्यात बसली की पाच मिनिटांत विसरायला होतं. कारण तिच्यावर कालचं काहीच नसतं. अश्रूंमधली प्रथिनं आणि स्निग्धांश पहिल्या दिवसापासून मऊ लेन्सवर बसू लागतात. मंथलीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संध्याकाळी जी चुरचुर होते, रात्री दिव्यांभोवती जो धूसरपणा येतो, त्याला बऱ्याचदा हाच थर कारण असतो. काहींना त्याच्या ॲलर्जीने पापणीच्या आत बारीक गाठी उठतात, डोळा खाजतो आणि लेन्स वर सरकत राहते. अशांना डॉक्टर डेली सुचवतात. परागकणांनी डोळे लाल होणाऱ्यांनाही, आणि आठवड्यातून दोन-तीनदाच लेन्स घालणाऱ्यांनाही.

तोटेही आहेत. वर्षाला दोन डोळ्यांच्या ७३० लेन्स आणि तितकीच प्लास्टिकची ब्लिस्टर, मंथलीच्या २४. लेन्स बेसिनमध्ये सोडून देऊ नका, तिचे बारीक तुकडे पाण्याबरोबर पुढे जातात. खूप मोठा नंबर किंवा मोठा सिलिंड्रिकल नंबर (कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे येणारा) असेल तर डेलीत तो नेमका मिळेलच असं नाही. मंथलीत जास्त प्रकार मिळतात. रोज घालणाऱ्याला एकूण खर्चही सहसा डेलीचाच जास्त पडतो, मंथलीत सोल्युशन आणि डबीचा खर्च धरला तरी.

आणि डेलीचा एक मोह आहे: आज चारच तास घातली, मग उद्याही चालवू. रात्री ती त्याच ब्लिस्टरमधल्या पाण्यात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते पाणी म्हणजे निर्जंतुक सलाईन. जंतू मारणारं त्यात काही नसतं.

मंथलीची मेहनत डबीत आहे. लेन्स तळहातावर घ्यायची, सोल्युशनचे थेंब टाकून बोटाने दोन्ही बाजू हलक्या चोळायच्या, धुवायची, मगच डबीत. बाटलीवर 'न चोळता' लिहिलं असलं तरी चोळायचीच. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून द्यायचं. त्यातच थोडं नवं घालणं म्हणजे औषध पातळ करणं. डबी पाण्याने विसळायची नाही, सोल्युशनने धुवून उलटी सुकू द्यायची आणि दर तीन महिन्यांनी बदलायची. नळाच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो कॉर्नियात घुसला तर दुखणं भयंकर आणि उपचार महिनोन् महिने. अंघोळ आणि पोहणं लेन्स काढूनच करायचं ते यासाठी, मग लेन्स कोणतीही असो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन असेल तर ते फक्त त्याच्यासोबत आलेल्या खास डबीत वापरायचं. सरळ डोळ्यात गेलं तर आग होते.

भाचीचा पुढचा प्रश्न होता: "मी बारा दिवसच घातल्या या महिन्यात. मग अजून अठरा दिवस उरले ना?" नाही. महिना मोजायचा तो ब्लिस्टर फोडल्याच्या दिवसापासून, कॅलेंडरवर. डबीत पडून असलेली लेन्सही जुनी होते. दोन आठवड्यांच्या लेन्सचंही असंच. माझ्या मते लक्षात ठेवायला ते सगळ्यात अवघड वेळापत्रक आहे, कारण एक तारीख सांगता येत नाही.

मऊ लेन्सचे गुणदोष मात्र सगळीकडे सारखेच. सवय दोन-चार दिवसांत होते, धावताना हलत नाही, कडेचं दिसणं चष्म्यापेक्षा मोकळं. उलट ती कोरड्या हवेत सुकते, नखाने फाटते, आणि वेड्यावाकड्या कॉर्नियावर कडक लेन्सइतकं रेखीव दिसत नाही.

रोज दिवसभर घालणारी, हात धुऊन मगच लेन्सला लावणारी, रात्री पाच मिनिटं देणारी व्यक्ती असेल तर मंथली उत्तम. रात्री थकून कपड्यांसकट आडवी होणारी असेल तर डेली, कारण तिथे धुण्याची पायरीच नाही; तरी काढायला उठावं लागेलच. भाची दुसऱ्या गटातली आहे, हे तिलाही मान्य आहे.

लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर लेन्स काढायची, परत घालून बघायची नाही आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. मग घरात चालू नंबरचा चष्मा हवा. भाचीला तो शोधायला सांगितला. ड्रॉवरच्या तळाशी सापडला, एक काडी सैल, नंबर तीन वर्षांपूर्वीचा.