ब्लड कल्चर आणि प्रोकॅल्सिटोनिन: दोन्ही रक्ताच्याच टेस्ट, पण उत्तरं वेगळ्या प्रश्नांची

आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, "प्रोकॅल्सिटोनिन एवढं वाढलंय आणि ब्लड कल्चर निगेटिव्ह, मग यातला बरोबर रिपोर्ट कुठला?" तर दोन्ही बरोबर असू शकतात, कारण या टेस्ट एकच गोष्ट शोधतच नाहीत. रक्तात जिवंत जंतू आहे का आणि असला तर कुठला, हे ब्लड कल्चर बघतं. प्रोकॅल्सिटोनिनचा जंतूशी थेट संबंधच येत नाही, ते आपल्याच शरीरात बनणारं प्रोटीन आहे आणि इन्फेक्शनला शरीर किती जोरात रिअ‍ॅक्ट होतंय एवढंच ते सांगतं.

आधी कल्चर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. यात रक्त साध्या ट्यूबमध्ये न जाता जंतूंना वाढायला खाद्य असलेल्या बाटल्यांमध्ये जातं. एक बाटली ऑक्सिजनमध्ये वाढणाऱ्यांसाठी, दुसरी ऑक्सिजन नसताना वाढणाऱ्यांसाठी, या दोन मिळून एक सेट. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं आणि निदान दोन सेट घेतात, तेही दोन वेगळ्या ठिकाणी सुई टोचून, म्हणजे एकूण साधारण ४० मिली. "आधीच अशक्तपणा आहे, त्यात एवढं रक्त कशाला काढता" म्हणून घरचे वैतागतात, ते समजण्यासारखं आहे, पण कारण ऐका. मोठ्या माणसाच्या रक्तात इन्फेक्शन असतानाही बऱ्याचदा एका मिलीत एकसुद्धा जिवंत जंतू नसतो. मग २-३ मिली रक्त भरलेल्या बाटलीत जंतू आलाच नाही तर मशीन तरी काय शोधणार? कल्चरचं यश सगळ्यात जास्त कशावर ठरत असेल तर ते रक्त किती घेतलं यावर. लहान मुलांचं गणित वेगळं, तिथे वजनाप्रमाणे कमी घेतात.

दुसरी गोष्ट वेळेची. रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी गेलं पाहिजे, डोस गेल्यावर काही तासांतच जंतू सापडण्याची शक्यता चांगलीच घटते. अर्थात पेशंट खूपच खालावलेला असेल आणि रक्त काढायला उशीर होत असेल तर औषध थांबवून ठेवायचं नाही, जीव आधी.

मग या बाटल्या मशीनमध्ये जातात, आत साधारण ३५ ते ३७ डिग्री तापमान असतं. जंतू वाढायला लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो बाटलीतल्या सेन्सरला कळतो, की मशीन अलार्म देतं. टेक्निशियन बाटली काढून एक थेंब स्लाइडवर घेतो, ग्रॅम स्टेन (जंतूंना रंग देऊन ओळखायची पद्धत) करतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. जांभळे गोल दाणे द्राक्षाच्या घडासारखे दिसले तर स्टॅफिलोकोकस, गुलाबी दांड्या दिसल्या तर ई. कोलाय किंवा क्लेबसिएला यांच्यासारखं काहीतरी. रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता लॅब तेव्हाच वॉर्डला फोन करते, कारण एवढ्या माहितीवरसुद्धा औषध बदलू शकतं. जंतूचं पूर्ण नाव आणि त्याच्यावर कुठलं औषध चालेल हे कळायला बहुतेक ठिकाणी अजून एक-दोन दिवस जातात. बहुतेक जंतू पहिल्या २४ ते ४८ तासांतच वाढतात, तरी बाटली सहसा ५ दिवस ठेवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मिळालेलं "निगेटिव्ह" म्हणजे "अजूनपर्यंत काही वाढलं नाही" असं वाचायचं.

आणि पॉझिटिव्ह आलं म्हणजे रक्तात इन्फेक्शन आहेच असंही नाही हां. आपल्या कातडीवर राहणारे जंतू सुईबरोबर बाटलीत जातात, त्याला कन्टॅमिनेशन म्हणतात. म्हणून तर दोन वेगळ्या जागी टोचायचं. चार बाटल्यांपैकी एकाच बाटलीत कातडीवरचा साधा स्टॅफिलोकोकस वाढला तर तो बहुधा बाहेरून आलाय, दोन्ही सेटमध्ये तोच वाढला तर गांभीर्याने घ्यायचं. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस (त्याच जातीतला घातक जंतू) किंवा कँडिडा (एक बुरशी) एका बाटलीत जरी आला तरी "कन्टॅमिनेशन असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही, हे दोघं आले की उपचार करायचेच.

आता प्रोकॅल्सिटोनिन. एरवी हे थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन हार्मोनचा कच्चा माल म्हणून बनतं आणि रक्तात जवळजवळ नसतंच. बॅक्टेरियाचं मोठं इन्फेक्शन झालं की शरीरातले बाकीचे अवयवही ते बनवायला लागतात, हा संबंध १९९३ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला गेला. ते काही तासांत वाढतं, साधारण दिवसभरात शिखर गाठतं, आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की साधारण रोज निम्म्याने उतरतं. व्हायरल इन्फेक्शनमध्ये सहसा एवढं वाढत नाही, हा त्याचा मोठा उपयोग. रिपोर्टही एक-दोन तासांत मिळू शकतो, म्हणून सगळ्यांना ते आवडतं. सीआरपी याच जातीची टेस्ट, फक्त ते लिव्हरमध्ये बनतं, हळू वाढतं आणि सूज कसलीही असली तरी वाढतं.

पण मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं, किडनी बंद पडणं यातही प्रोकॅल्सिटोनिन वाढतं, जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत बाळाचं तर आपोआप वाढलेलं असतं. आणि आकडा कितीही मोठा असला तरी जंतू कुठला, तो कुठल्या औषधाला दाद देईल, यातलं एक अक्षर त्यातून कळत नाही.

मग सुरुवातीचा प्रश्न. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन किंवा पोटातला पू असेल तर जंतू तिथेच बसून असतो, रक्तात उतरलेलाच नसतो, पण शरीर जोरदार रिअ‍ॅक्ट होतं, की प्रोकॅल्सिटोनिन वर आणि कल्चर निगेटिव्ह. सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागलेल्या, बऱ्याच पेशंटमध्ये कल्चर निगेटिव्हच येतं, म्हणून निगेटिव्ह कल्चर हातात घेऊन "इन्फेक्शन नाहीये मग औषध का देताय" असं डॉक्टरांशी भांडू नका. उलटंही होतं, इन्फेक्शन सुरू होऊन दोन-तीनच तास झालेत तर प्रोकॅल्सिटोनिन अजून वाढलेलंच नसतं. म्हणूनच सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये, अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिन बघून ठरवू नका असं सुचवलंय, कधी थांबवायचं ते ठरवताना मात्र पेशंटच्या तब्येतीबरोबर ते बघायला हरकत नाही. माझंही मत तेच आहे, एका आकड्यापेक्षा तो दिवसागणिक कसा उतरतोय याला जास्त किंमत. शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ नॅनोग्राम प्रति मिलीच्या खाली आला, आणि पेशंटही सुधारतोय, तर डॉक्टर औषध थांबवायचा विचार करू शकतात.

पण इथेही कल्चरमध्ये काय आलं होतं ते बघावंच लागतं. समजा त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस होता, तर प्रोकॅल्सिटोनिन चार दिवसांत खाली आलं आणि ताप गेला तरी औषध तिथे थांबत नाही. रक्त साफ झालंय हे दिसेपर्यंत कल्चर परत परत पाठवतात, बऱ्याचदा हार्टच्या झडपांवर जंतू बसलाय का ते बघायला इको करतात, आणि शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचे कमीत कमी १४ दिवस मोजतात ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरच्या तारखेपासून.