नॉर्डिक लष्करी वाहनांच्या प्रतिकृती : जोडणी आणि वेदरिंग

स्वीडन, फिनलंड, नॉर्वे व डेन्मार्क या देशांच्या सैन्यांनी वापरलेले रणगाडे, चिलखती गाड्या आणि बर्फगाड्या यांची प्रमाणबद्ध प्लॅस्टिक मॉडेल जोडणे, रंगवणे व त्यांवर वापराच्या आणि हवामानाच्या खुणा उमटवणे, हा मॉडेलिंगच्या छंदातील एक स्वतंत्र विषय आहे. (आइसलँडला स्वतःचे सैन्य नाही, त्यामुळे यादी चार देशांवरच थांबते.) खुणा उमटवण्याच्या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. सर्वांत रुळलेले प्रमाण 1/35 असून 1/72 आणि 1/48 मध्येही किट मिळतात.

या विषयाची मुख्य अडचण रंगाच्या बाटलीत नसून सवयीत आहे. बहुतेकांचा हात आफ्रिकेच्या धुळीवर किंवा रशियातल्या चिखलावर बसलेला असतो आणि तोच गंज, तीच तपकिरी धूळ उत्तरेकडच्या वाहनावर चढते. तिथे पाइनची जंगले, ग्रॅनाइटची खडी, महिनोन्‌महिने बर्फ आणि शांततेच्या काळात बराच वेळ छपराखाली उभी असलेली वाहने, असा मामला असतो. म्हणून गंज कुठे दाखवायचा यापेक्षा तो कुठे येऊच शकत नाही, हे आधी ठरवावे.

वाहन आणि साल

स्वीडनचा स्ट्रिड्सवॅग्न 103, म्हणजेच ‘एस-टँक’, हा या विषयाचा मानकरी. 1967 ते 1971 या काळात असे 290 रणगाडे बांधले गेले. याला फिरता बुरूज नाही. 105 मिमीची तोफ थेट सांगाड्यात पक्की बसवलेली आहे. नेम धरताना अख्खा रणगाडा वळतो आणि हायड्रोन्यूमॅटिक (तेल व वायूच्या दाबावर चालणाऱ्या) सस्पेन्शनवर नाक वर किंवा खाली करतो. 1/35 मध्ये ट्रम्पेटर कंपनीची ‘बी’ आणि ‘सी’ अशा दोन्ही प्रकारांची किट निघाली आहेत.

नाक झुकलेला एस-टँक दाखवायचा असेल तर चाकांचे दांडे एका कोनात चिकटवून चालत नाही. पुढची चाके वर, फेंडरजवळ सरकतात आणि मागची खाली लोंबतात. या प्रमाणात पहिल्या व शेवटच्या चाकातले अंतर साधारण 8 सेंमी भरते. तेव्हा 5 अंशांच्या कलासाठी दोन टोकांच्या चाकांच्या उंचीत सुमारे 7 मिमी फरक हवा. सांगाडा त्या कोनात पुठ्ठ्याच्या पाचरीवर टेकवावा, चारही चाके सपाट काचेला लागू द्यावीत आणि मगच दांड्यांना गोंद लावावा. उलट क्रमाने केले तर एक चाक हमखास अधांतरी राहते आणि पट्टा चढवल्यावर ते झाकतही नाही.

नाकासमोर बसणारे पोलादी गजांचे कुंपण हा दुसरा सापळा. पोकळ स्फोटक गोळे चिलखताला भिडण्याआधीच फुटावेत यासाठीची ही योजना स्वीडनने बरीच वर्षे गुप्त ठेवली होती. त्यामुळे 1970 च्या दशकातला सरावातला रणगाडा करायचा असेल, तर किटमध्ये कुंपण असले तरी ते लावू नये. कडांना बसवलेल्या इंधनाच्या कॅनच्या रांगा ‘सी’ची ओळख आहेत, त्या ‘बी’वर लावणे ही नेहमीची चूक.

फिनलंडच्या बाजूने लोकप्रिय आहे ती स्टुग 3 ही जर्मन असॉल्ट गन, म्हणजे फिरता बुरूज नसलेली चिलखती तोफगाडी. फिन सैनिक तिला ‘स्टुर्मी’ म्हणत. फिनलंडने 59 गाड्या घेतल्या, त्यांतल्या 30 गाड्या 1943 मध्ये आल्या. या पहिल्या खेपेवर झिमरिट, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचा खरबरीत लेप, नसतो. जर्मनांनी तो लावायला सुरुवात केली तोवर या गाड्या कारखान्यातून निघून गेल्या होत्या. टामिया कंपनीने फिनिश स्टुगचे वेगळे किट काढले आहे. पण कुठल्याही स्टुगपासून सुरुवात केली तरी फिनिश बदल कळायला हवेत: बाजूंचे पातळ पत्रे काढलेले, जर्मन मशीनगनच्या जागी सोव्हिएत डीटी, पुढच्या वरच्या कोपऱ्यांवर काँक्रीटचा थर आणि 1944 मध्ये बाजूंना बांधलेले लाकडाचे ओंडके.

काँक्रीट इपॉक्सी पुट्टीने करावे. ओल्या पुट्टीवर जुन्या टूथब्रशने ठोकले की खरखरीतपणा येतो. मात्र वरची कड थापीने ओढल्यासारखी गुळगुळीत ठेवावी, कारण साचा करून ओतलेल्या काँक्रीटपेक्षा हे हाताने लिंपलेले दिसायला हवे. 15 सेंमी व्यासाचा ओंडका 1/35 मध्ये 4.3 मिमीचा होतो. तेवढ्या जाडीची खरी डहाळी वापरता येते, पण तिची गाठ बोटभर अंतरावर आली तर प्रमाण मोडते. बारीक सालीची, सरळ डहाळी निवडून ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडी करावी. ओली वापरली तर काही महिन्यांत ती आकसते आणि तार सैल पडते.

बीटी-42 हे फिनलंडचे स्वतःचे जुगाड: जप्त केलेल्या सोव्हिएत बीटी-7 च्या सांगाड्यावर मोठा खोक्यासारखा बुरूज आणि त्यात ब्रिटिश बनावटीची 114 मिमी हॉवित्झर. अशा 18 गाड्या झाल्या, एक पारोलाच्या रणगाडा संग्रहालयात उभी आहे. टामियाच्या किटमध्ये करण्यासारखे फार उरत नाही. फक्त बुरुजाच्या वेल्डिंगच्या रेघा उठावदार कराव्यात: ज्योतीवर ताणलेला स्प्रूचा (किटच्या सुट्या भागांभोवतीच्या प्लॅस्टिक चौकटीचा) धागा सांध्यात बसवायचा, पातळ गोंदाने मऊ करायचा आणि ब्लेडच्या टोकाने दर अर्ध्या मिमीवर चंद्रकोरीसारखे दाबत जायचे.

स्वीडनने ब्रिटनकडून घेतलेले सेंच्युरियन रणगाडे सुधारत सुधारत शेवटी स्ट्रिड्सवॅग्न 104 झाले. महाराष्ट्रातल्या मॉडेलरला इथे एक फायदा आहे. अहिल्यानगरच्या (अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन जवळून बघता येतो आणि ओतीव पोलादाच्या बुरुजाचा पोत कसा असतो ते हातभर अंतरावरून दिसते. किटवरचा बुरूज जवळजवळ नेहमीच साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो. मिस्टर सरफेसर 500 (अस्तराचा जाडसर रंग) आखूड केसांच्या ब्रशने टोचत लावावे, तासाभराने 600 नंबरच्या पॉलिश पेपरने वरवर घासावे. खड्डे राहतात, टेंगळे जातात.

संग्रहालयातल्या वाहनांचा आकार आणि पोत विश्वासाने घ्यावा, रंग मात्र नाही. ती पुन्हा रंगवलेली असतात. फिनलंडच्या युद्धकाळासाठी एसए-कुवा हा लष्करी छायाचित्रसंग्रह सर्वांत उपयोगी. 2013 पासून त्यातली सुमारे 1,60,000 छायाचित्रे इंटरनेटवर खुली आहेत.

रंग

1943 पासूनची फिनिश रंगसंगती तीन रंगांची: शेवाळी हिरवा, वाळूसारखा तपकिरी आणि राखाडी. आधुनिक स्वीडिश वाहनांवरचे, उदाहरणार्थ स्ट्रीड्सफोर्डन 90 ही पायदळाची चिलखती गाडी किंवा स्ट्रिड्सवॅग्न 122 हा रणगाडा यांवरचे, नक्षीकाम सरळ धारदार कडांचे: फिकट हिरवा, गडद हिरवा आणि काळा, काचेचे तुकडे मांडल्यासारखे. हे मोकळ्या हाताने होत नाही.

आधी सर्वत्र फिकट हिरवा मारावा आणि रात्रभर वाळू द्यावा. मास्किंग टेपची मूळ कड वापरू नये, तिला धूळ चिकटलेली असते. काचेवर टेप ताणून नव्या ब्लेडने एक मिमी कापून टाकावी. टेप बिजागऱ्या, पेट्या, हुक यांवरून जाते तिथे खाली पोकळी राहते आणि नेमका तिथेच रंग आत झिरपतो. म्हणून टेप लावल्यावर कडेने पुन्हा तोच फिकट हिरवा पातळ फवारावा. फट त्याच रंगाने बुजते, मग गडद हिरवा आत जात नाही. गडद हिरव्यानंतर हाच क्रम काळ्यासाठी. शुद्ध काळा 1/35 मध्ये भोकासारखा दिसतो. टामियाचा एक्सएफ-69 नेटो ब्लॅक पुरे. टेप 20 ते 30 मिनिटांत, स्वतःवरच दुमडत काढावी. पूर्ण कडक झाल्यावर काढली तर कडेला कंगोरा उभा राहतो. 1/72 चा आराखडा हाती असेल तर तो फोटोकॉपीवर 206 टक्के मोठा केला की 1/35 चे स्टेन्सिल मिळते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम करताना दोन गोष्टी बिघडतात. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठते आणि मधेच थेंब उडून रंगावर पांढरा ठिपका पडतो. एअरब्रशच्या हँडलपाशी आणखी एक वॉटर ट्रॅप (हवेतले पाणी अडवणारी डबी) बसवावा. आणि लॅकरवर दुधी सायीसारखा थर येतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथे धरते. रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) असलेला थिनर वापरावा किंवा पाऊस उघडेपर्यंत थांबावे. दुसरा उपाय स्वस्त आहे.

वेदरिंग

सर्वांत आधी धातू बघावा. नॉर्वे आणि डेन्मार्कने वापरलेल्या एम-113 या चिलखती गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. रंग उडाला तर खाली मळका राखाडी दिसतो, लाल गंज नाही. बँडव्हॅग्न 206 या जोडगाडीचे शरीर ग्लास-फायबरचे आणि पट्टे रबराचे. तिच्या कडांवर चांदीचा रंग घासणे म्हणजे प्लॅस्टिकच्या बादलीला गंज लावण्यासारखे. तिचे पट्टे कोरड्या राखाडी धुळीचे ठेवावेत. नॉर्वेच्या सीव्ही-90 वरही (ही स्ट्रीड्सफोर्डन 90 चीच आवृत्ती) रबरी पट्टे आले आहेत. पोलादी पट्ट्याची जमिनीला घासणारी बाजू मात्र चकचकीत असते. त्यासाठी 4बी पेन्सिलचा चुरा बोटाने चोळणे रंगापेक्षा बरे.

1994 मध्ये बोस्नियात उतरलेले डेन्मार्कचे लेपर्ड 1ए5 रणगाडे संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या रंगात होते. पांढऱ्यावर काळा वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) दिला की वाहन कार्टूनसारखे दिसते. राखाडी-तपकिरी ऑइल रंग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून फक्त खाचांत सोडावा आणि 15 मिनिटांनी कोरड्या ब्रशने खालच्या दिशेने ओढावा.

खरा कस लागतो तो हिवाळी सफेदीत. युद्धकाळात ती चुन्याचा हात मारावा तशीच ब्रशने दिलेली असायची, आणि धुपायची. प्रतिकृतीवर ती हेअरस्प्रेच्या पद्धतीने करतात. खालचा रंग 24 तास वाळवून त्यावर सॅटिन लॅकरचा थर द्यावा. हा थर गाळला तर पुढे खालचा हिरवाही निघतो. मग 20 ते 25 सेंमीवरून हेअरस्प्रेचे दोन हलके हात, 15 मिनिटे थांबून पांढरा. टामिया एक्सएफ-2 च्या दहा भागांत एक भाग एक्सएफ-57 बफ घालावा, नाहीतर पांढरा निळसर दिसतो. पातळ करायला त्याच कंपनीचा ॲक्रिलिक थिनर किंवा पाणी. लॅकर थिनर घेतला तर रंग खाली चावतो आणि मग पाण्याने सुटत नाही. अर्ध्या तासात, एका वेळी हाताच्या नखाएवढाच भाग ओला करून, मिनिटभर थांबून आखूड ब्रशने घासावे.

सफेदी कुठे उडते याला कारण असते: झाकणांच्या कडा, चढण्याच्या जागा, तोफेजवळचा पाय ठेवायचा भाग, साखळीचे हुक, आणि पाणी ओघळणाऱ्या उभ्या रेघा. सपाट पत्र्याच्या मधोमध सारखे ठिपके पडले की तो वापर वाटत नाही, देवीचे व्रण वाटतात. शेवटी सपाट ब्रशने काही उभे फटकारे द्यावेत. खरा 10 सेंमी रुंद ब्रश 1/35 मध्ये जेमतेम 3 मिमीचा होतो, हे मात्र विसरू नये. हेअरस्प्रे जाड झाला तर पांढऱ्याला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. पांढरा जाड झाला तर ठिपक्यांऐवजी पोपडे निघतात. पाणी जास्त झाले तर एका क्षणात अख्खी बाजू हिरवी होते. अशा वेळी पुसून घेऊन पुन्हा पहिल्यापासून हेअरस्प्रे मारणे सोपे, डागडुजी नको. मनासारखे झाले की लगेच मॅट लॅकरने बंद करावे.

बर्फासाठी खाण्याचा सोडा वापरू नये, वर्षा-दोन वर्षांत तो पिवळा पडतो. काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मॅट ॲक्रिलिक वार्निशात श्रीखंडाइतके घट्ट कालवावेत (हे काम मास्क लावून). 5 सेंमी बर्फ म्हणजे 1.4 मिमी. चाकांमध्ये दाबला गेलेला बर्फ पांढरा राहत नाही, त्यात थोडा मातीचा पिगमेंट (कोरडी रंगपूड) मिसळावा. इंजिन तापते त्यावरचा बर्फ आधी वितळतो. एस-टँक आणि स्ट्रीड्सफोर्डन 90 या दोन्हींचे इंजिन पुढे असल्याने पुढचा उतार ओला आणि मागचे छप्पर भरलेले, असे दृश्य दिसायला हवे. जर्मन रणगाड्यांच्या सवयीने लोक नेमके उलटे करतात.

धूळ प्रदेशावर ठरते. तोच स्ट्रिड्सवॅग्न 122 उत्तरेत बोडेनच्या रेजिमेंटमध्ये असेल तर काळपट जंगली माती आणि पाइनच्या सुया. गॉटलंड बेटावरच्या पी 18 रेजिमेंटमध्ये असेल तर चुनखडीची फिकट, जवळजवळ पांढरी धूळ, जी काळ्या पट्ट्यांवर सर्वांत जास्त उठून दिसते.

खुणा आणि डेकल

युद्धकाळच्या फिनिश वाहनांवरचे ‘हाकारिस्ती’, म्हणजे स्वस्तिक, नाझींकडून आलेले नव्हे. 1918 मध्ये स्वीडिश सरदार एरिक फॉन रोसेन याने फिनलंडला भेट दिलेल्या विमानावर ते शुभचिन्ह म्हणून होते आणि हवाई दलाने तिथूनच उचलले. 1945 मध्ये त्याच्या जागी निळे-पांढरे वर्तुळ आले. काही देशांतल्या कायद्यांमुळे अनेक किटांत हे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चिन्ह) दोन तुकड्यांत छापतात. जोडताना आधी एक तुकडा पूर्ण वाळू द्यावा, मग दुसरा. दोन्ही ओले असताना सरकवले की भुजा वाकड्या होतात. ज्या सपाट जागी ते बसते तिथे आधी चकचकीत लॅकर हवेच, नाहीतर डेकलखाली हवेचे चंदेरी ठिपके राहतात. राहिलेच, तर सुईने टोचून तिथे डेकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा एक थेंब सोडावा.